रक्त पुसायच्या आधी कुणाला विचारायचं

फोन येतो तो साधारण असाच. "मावशी, एक खोली साफ करून द्यायचीय. जरा रक्त आहे." पलीकडचा माणूस 'जरा' म्हणाला तरी किती ते मी विचारत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पोलीस येऊन गेले का?" उत्तर यायला वेळ लागला की समजायचं, हे काम आज होणार नाही.

बावीस वर्षं मी ठाण्यातल्या एका इस्पितळात साफसफाईची सुपरवायझर होते. इस्पितळात आम्हा बायकांना सगळे मावशी म्हणतात आणि पुरुषांना मामा, म्हणून आजही मी मावशीच. लेबर रूम, ऑपरेशन थिएटर, अपघात विभाग, सगळीकडे काम केलं. नोकरी सोडल्यावर भाचा आणि आणखी तिघं घेऊन ही बाहेरची कामं घ्यायला लागले. बंद घरात झालेले मृत्यू, आत्महत्या, मारामाऱ्या, कधी खून. तेव्हा वाटलं होतं, इस्पितळात करत होतो तेच करायचं, फक्त लादी दुसऱ्याची. तसं नसतं, हे कळायला मला पोलीस ठाण्याच्या बाकावर चार तास बसावं लागलं.

डीप क्लीनिंग आणि पेस्ट कंट्रोलचा धंदा करणाऱ्या पोरांना असा फोन कधी ना कधी येतोच, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि ज्यांच्या घरात असं काही घडलं असेल त्यांच्यासाठीही. घरांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत.

इस्पितळातलं रक्त

इस्पितळात फरशीवर रक्त सांडलं की घड्याळ सुरू होतं. कुणाचा पाय पडायच्या आत ते उचलायचं. रक्ताभोवती पिवळा बोर्ड उभा करायचा आणि दोन ग्लोव्ह एकावर एक चढवायचे. सुई असेल तर चिमट्याने उचलून पांढऱ्या डब्यात, काच असेल तर निळ्या. रक्तावर शोषून घेणारं कापड किंवा जुनी वर्तमानपत्रं टाकायची, त्यावर कडेकडून आत या क्रमाने १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच) ओतायचं, म्हणजे ते पसरत नाही. १० मिनिटं थांबायचं. मग सगळं आतल्या बाजूला दुमडत गोळा करून पिवळ्या पिशवीत टाकायचं, जागा पुन्हा हायपोने पुसायची, झालं. अर्ध्या तासात त्याच जागेवरून स्ट्रेचर जाते. रक्त कुणाचं, का सांडलं, किती उंचीवरून पडलं, हे कुणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नसते.

ड्रेनेजचं पाणी घरात उलटलं, डक्टमध्ये कबुतरांच्या विष्ठेचा थर साठला, माळ्यावर मांजर मेलं, ही सगळी कामं याच जातीची. यातून माणसाला काय बाधेल, एवढाच प्रश्न असतो. उशीर केला तर धोका वाढतो, म्हणून लगेच भिडायचं.

गुन्हा घडलेल्या जागी घाई हाच धोका. रक्त तेच असतं, जंतूही तेच. पण ते रक्त घाण व्हायच्या आधी पुरावा असतं. हायपो जंतू मारतं तसाच डीएनएही खलास करतं. पुसून टाकलेलं रक्त दिसावं म्हणून तपासवाले ल्युमिनॉल फवारतात आणि अंधारात ती जागा निळसर चमकते. ब्लीच लावलेली फरशीही तशीच चमकते. म्हणजे मी झकास काम केलं असं समजून घरी जायचं, आणि तिकडे कुणाची केस लंगडी व्हायची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २३८ मध्ये पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा आहे, जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) २०१. आरोपीला वाचवायचा हेतू होता हे त्यात दाखवावं लागतं, हे खरं. पण माझा तसा हेतू नव्हता हो साहेब, असं सांगत बसायची पाळी आणायची कशाला?

शेरा आणि शिक्का

आता बाकाची गोष्ट. एका चाळवजा इमारतीत दोन भावांची मारामारी झाली, एक गेला. घरच्यांनी बोलावलं. मी विचारलं, तर त्यांनी हद्दीतल्या हवालदारांना फोन लावून दिला. ते म्हणाले, "घ्या करून मावशी, आमचं झालंय." त्यांचं खरंच झालं होतं. पंचनामा झाला होता, मृतदेह हलवला होता. आम्ही बाहेरची खोली करून मोरीकडे वळलो, तेवढ्यात तपासी अधिकारी आले. न्यायवैद्यक प्रयोगशाळेची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमात आता तशी तरतूदच आहे. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर येऊन पुरावे गोळा करायचे आणि चित्रीकरण करायचं. म्हणजे पोलिसांची गाडी गेली तरी आणखी एक गाडी यायची बाकी असू शकते. त्या दिवशी माझा जबाब झाला. मला वाचवलं ते भाच्याने काढून ठेवलेल्या फोटोंनी. हात लावायच्या आधी त्याने सगळ्या खोलीचे, मोजपट्टी ठेवून, कोपऱ्या-कोपऱ्याचे फोटो काढले होते. ते सगळे आम्ही देऊन टाकले.

तेव्हापासून तोंडी 'घ्या करून' चालवून घेत नाही. घरच्यांच्या नावाने पोलीस ठाण्यात साधा अर्ज करायला लावते: घटनास्थळाचा ताबा मिळाला आहे, साफसफाई करण्यास हरकत नसल्याबाबत. दोन प्रती. एकीवर आवक शिक्का, आणि तपासी अधिकाऱ्याचा शेरा, सही, तारीख. अधिकारी वैतागतात कधीकधी, पण देतात. शेरा घेताना तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. लॅबची माणसं येऊन गेली का? मुद्देमाल सगळा उचलला का? आणि साफ करताना आणखी काही सापडलं तर कुणाला फोन करायचा? तिसऱ्याचं उत्तर मोबाईल नंबरासकट हवं.

दाराला लाखेचं सील किंवा सही केलेली कागदी पट्टी असेल तर ती पोलिसांनीच काढायची. "चिकटपट्टीच आहे हो, ओढा" असं नातेवाईक म्हणाले तरी आपण हात खिशात ठेवायचे.

म्हातारं माणूस एकटं राहत होतं आणि आठ दिवसांनी कळलं, किंवा कुणी गळफास घेतला, तरी हाच नियम. अशा वेळी अकस्मात मृत्यूची नोंद होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १७४, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. ती चौकशी चालू आहे तोवर ती जागा गुन्ह्याची असल्यासारखीच वागवायची. "आत्महत्याच आहे, चिठ्ठीपण आहे," हे नातेवाइकांचं मत झालं. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी इथे खास लक्ष द्यावं. माश्या आणि अळ्या दिसल्या की तुमचा हात पंपाकडे जातो. पण अळ्यांची वाढ आणि फरशीच्या कडेला पडलेले तपकिरी कोष यांवरून माणूस कधी गेला याचा अंदाज बांधतात. ते कोष दिसतात उंदराच्या लेंड्यांसारखे, त्यामुळे झाडूने सहज जातात. शेरा हातात येईपर्यंत फवारणी नाही आणि झाडूही नाही.

हात मागे बांधून एक तास

शेरा मिळाला, दार उघडलं. आता आत जाऊन कामाला लागायचं नाही. पीपीई घालून, हात मागे बांधून नुसतं बघायचं. खोली मोठी असेल तर तास जातो. नव्या पोरांना हे सगळ्यात अवघड जातं.

इस्पितळात रक्त वरून खाली पडतं, त्यामुळे खाली बघितलं की पुरतं. इथे ते उडतं. मारणारा हात वर गेला की हत्याराला लागलेलं रक्त मागे आणि वर फेकलं जातं. म्हणून आधी छत बघायचं. मग पंखा. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू खालून दिसत नाही, स्टूलवर चढून बघावी लागते. त्यावर धुळीचा थर असतो आणि त्यात थेंब रुतून सुकलेले असतात, गुळाच्या बारीक कणांसारखे काळपट. ट्यूबलाइटची पट्टी, कपाटाच्या दाराची वरची कड, पडद्याची मागची बाजू, देवघराची कमान, स्विचबोर्डच्या फटी. बोर्डाला हात लावायच्या आधी एमसीबी पाडायची. बॅटरी समोरून मारू नका. भिंतीला टेकवून तिरका उजेड टाका, मग न दिसलेले ठिपके सावली धरतात.

दुसरं, करणाऱ्याने हात धुतले असतील. मोरी, बेसिन, बादलीचा कान, फरशी पुसायचं फडकं, नळाची चावी खालच्या बाजूने. मोरीची जाळी उचलून ट्रॅप बघायचा. तिसरं, जी माणसं नंतर आत-बाहेर झाली त्यांच्या बुटांना लागून रक्त जिन्यापर्यंत गेलेलं असतं. एकदा आम्हाला लिफ्टच्या बटणावर सापडलं, चौथ्या मजल्यावरच्या कामाचं, तळमजल्यावर. लहान पोरं ती लिफ्ट वापरत होती.

आणि चौथी गोष्ट पोलिसांची स्वतःची. बोटांचे ठसे घेताना मारलेली काळी पावडर. इस्पितळातल्या बावीस वर्षांत हा प्रकार मी पाहिला नव्हता. पहिल्यांदा दिसली तेव्हा ओल्या फडक्याने पुसायला गेले आणि पांढऱ्या दाराला काजळ फासल्यासारखं झालं. ती फार बारीक असते, पाणी लागलं की चिखल होऊन लाकडाच्या रेषांत बसते. तिला आधी कोरडंच काढायचं. अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम असेल तर उत्तम, नाहीतर मऊ ब्रशने खाली धरलेल्या कागदावर. मग कोरडं मायक्रोफायबर, शेवटी साबणाचं पाणी. डिस्टेंपरच्या भिंतीवरची निघत नाही, तिथे रंगच काढावा लागतो. तसं घरच्यांना आधीच सांगून टाका, नाहीतर बिलाच्या वेळी वाद होतो.

लादी

वरवरचे डाग जातात. खरं काम झिरपलेल्याचं असतं.

रक्ताचं थारोळं काही तास एका जागी राहिलं तर ते लाद्यांच्या सांध्यातून खाली उतरतं. आपल्याकडे लादी वाळू-सिमेंटच्या थरावर बसवतात आणि तो थर स्पंजासारखा पितो. वरून लादी चकचकीत पुसली जाते, घरचे समाधानाने मान डोलावतात, आणि पहिल्या पावसात हवा दमट झाली की वास येतो. म्हणून डागाभोवतीच्या प्रत्येक लादीवर छिन्नीच्या मागच्या टोकाने ठोकून ऐकायचं. भरीव आवाज आला तर ठीक. बदबद वाजली तर खाली पोकळी आहे, आणि पोकळी असेल तर रक्त तिथे गेलंय असंच धरायचं. सांध्यातला पांढरा सिमेंट तपकिरी झाला असेल तर ठोकायचीही गरज नाही.

एक लादी उचलायची. खालची वाळू करडी दिसली तर थांबायचं. काळपट, ओलसर दिसली तर पुढची उचलायची, आणि करडी वाळू लागेपर्यंत उचलत राहायचं. घरच्यांना वाटलं होतं दोन लाद्या, निघाल्या अकरा, असं झालेलं आहे. खालची वाळू खरवडून पिशवीत भरायची, उघड्या स्लॅबवर हायपो, मग पूर्ण सुकू द्यायचं. पावसाळ्यात यालाच तीन-चार दिवस लागतात, पंखा लावूनसुद्धा. भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगची पट्टीही काढायची, कारण सगळं तिच्यामागे साठतं. बंद घरात बरेच दिवस राहिलेल्या मृतदेहाच्या बाबतीत खालच्या मजल्यावरचं छतही बघून या, तिथे डाग उतरलेला असू शकतो. खालचे लोक तो गळतीचा समजून प्लंबर बोलावतात.

कापसाची गादी, उशी, सोफ्याचा फोम, फुगलेलं प्लायवूड: हे वाचवायच्या भानगडीत पडू नका. "गादी उन्हात टाकली तर?" असं हमखास विचारतात. नाही.

गुन्ह्याच्या कामात काढून टाकलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशोब ठेवावा लागतो. कुठून काढली, किती बाय किती, फोटो, तारीख. गटाराच्या कामात असा हिशोब कोण ठेवतं? पण इथे वर्षाने वकील विचारू शकतो की दाराची चौकट कुणी कापली, आणि वर्षाने आपल्याला काही आठवत नसतं.

अशाच एका स्कर्टिंगमागे भाच्याला सुरीचं तुटलेलं टोक सापडलं. करंगळीच्या नखाएवढं. "मावशी, पत्रा आहे बघ," म्हणत तो उचलणारच होता. मी ओरडले. असं काही दिसलं, दात, गोळीचं आवरण, मोबाईलचं सिमकार्ड, काहीही, तर आहे तिथेच ठेवायचं, फोटो काढायचा, सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं आणि तो तिसऱ्या प्रश्नाचा नंबर लावायचा. त्या दिवशी काम तिथेच थांबलं आणि पुन्हा सुरू व्हायला आठवडा गेला. आठवड्याची मजुरी बुडाली ती बुडालीच, तसं आधीच दरात धरून ठेवावं.

हायपो, आणि त्यात काय मिसळायचं नाही

इथून पुढे दोन्ही कामं बरीचशी सारखी, म्हणून भरभर सांगते.

सुकलेलं रक्त झाडूने झाडू नका, कोरडं खरवडू नका. त्याच्या खपल्या होतात, खपल्यांची धूळ होते आणि ती नाकात जाते. आधी गार पाण्याचा फवारा मारून भिजवा. गरम पाणी नको, रक्त अंड्यासारखं घट्ट होऊन बसतं. भिजलेलं उचला, साबणाने किंवा एन्झाइमच्या क्लीनरने धुवा, आणि हायपो त्यानंतर. गच्च डागावर थेट ओतलेल्या हायपोची बरीचशी ताकद रक्ताशीच झुंजण्यात जाते, खालचे जंतू मजेत राहतात. इस्पितळातल्या ताज्या, थोड्या रक्ताला जी रीत चालते ती इथल्या जाड, सुकलेल्या थराला चालत नाही.

बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ लिटरमध्ये ४ लिटर पाणी, म्हणजे १ टक्का झालं. १० टक्क्यांची असेल तर १ लिटरला ९. रोज ताजं करायचं, कालचं ओतून द्यायचं. लावल्यावर पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे, उन्हाळ्यात मधे एकदा पुन्हा फवारावं लागतं. स्टीलवर आणि बिजागऱ्यांवर नंतर साध्या पाण्याचा हात फिरवा, नाहीतर गंज चढतो. रिमोट, मोबाईल, स्विच यांना ७० टक्के अल्कोहोल.

हायपोत किंवा ब्लीचिंग पावडरीत बाथरूमचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही. एका सोसायटीत आम्ही पोचायच्या आधी वॉचमनने हौसेने दोन्ही ओतलं होतं. जिन्यातच डोळे चुरचुरायला लागले. तो क्लोरीन वायू होता. वॉचमन बिचारा दोन दिवस खोकत होता.

वासावर उदबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर यांनी काही होत नाही, फक्त वास गोड होतो आणि जास्त मळमळतं. वासाचं मूळ कुठेतरी लादीखाली किंवा फळीमागे असतं, ते काढलं की वास जातो.

हिपॅटायटिस बी-चा विषाणू सुकलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस तग धरतो. म्हणून माझ्याकडे कामाला येणाऱ्याने आधी लस घ्यायची: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. पैसे मी भरते. अमेरिकेत रक्ताशी संबंध येणाऱ्या कामगाराला ही लस मालकाने फुकट देऊ करायची असा नियम १९९१ पासून आहे. आपल्याकडे सोसायटीचे सेक्रेटरी मला तोंडावर म्हणाले होते, "तुमचा दर फार आहे, आमचा झाडूवाला पाचशेत करेल की." झाडूवाला तिथेच उभा होता, पायात स्लीपर, हात उघडे. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या असली कामं ढकलली त्यांच्यावरच हेही ढकलायचं, आणि वर पाचशे दिले म्हणून उपकार. मी त्या कामाला अर्ध्या दराने गेले, रागाने गेले.

काही टोचलंच तर बोट पिळायचं नाही, त्यावर हायपोही नाही. साबण आणि वाहतं पाणी, आणि तडक सरकारी इस्पितळ. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. २८ दिवसांचा कोर्स पुरा करायचा.

पिवळी पिशवी कुणाची

इस्पितळात हा प्रश्नच पडत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वाटणी होते, गाडी येते, ४८ तासांच्या आत माल भट्टीकडे जातो. त्या नियमांत इस्पितळं, दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, अगदी जनावरांचे दवाखाने आहेत. तुमचं-आमचं घर नाही. म्हणजे रक्ताने भिजलेली तीच गादी इस्पितळातून निघाली तर तिला गाडी, आणि घरातून निघाली तर घंटागाडीवाला म्हणणार, "हे आम्ही नाही नेत, मावशी." कॅलिफोर्नियात अशा कामासाठी १९९७ चा वेगळा कायदा आहे, काम करणाऱ्याला आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तसली नोंदणी नाही, त्यामुळे ज्याने त्याने स्वतःच जुळवायचं.

मी काम घेण्याआधी, इस्पितळांचा असा कचरा जिथे जातो त्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी बोलून, पैसे ठरवून ठेवते, आणि मगच दार उघडते. माल काढून झाल्यावर केंद्र शोधायला लागलात तर त्या पिशव्या जिन्यात पडतात आणि अख्खी इमारत तुमच्यावर चिडते. गादी अखंड नेऊ नका. खोलीतच तुकडे करा, दुहेरी पिशवी, गाठ मारून चिकटपट्टी. रात्री उशिरा किंवा पहाटे खाली उतरवा, लोकांनी बघत उभं राहू नये म्हणून.

घरची माणसं

गटार तुंबलेल्या घरात माणसं आपल्या मागे-मागे फिरतात, इथे पुसा, तिथे पुसा. इथे ती दारापर्यंत येतात आणि थांबतात. त्यांना आत घेऊ नका, पण काही टाकायच्या आधी विचारा. दागिने, कागद, चष्मा, पासबुक यांची यादी करून सही घेऊन द्यायची, आणि ती पोलिसांच्या यादीत नाहीत ना हे बघून. फोटो आमच्या हिशोबापुरते, ग्रुपवर नाहीत. शेजारी जिन्यात गाठून विचारतात, "किती वार होते हो?" मी म्हणते, "मी लाद्या मोजते."

एका घरात स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकत होतं. तारखांच्या चौकटीत दुधाचा हिशोब, 'अर्धा ली. जास्त', 'नाही आला', अशा बारीक अक्षरात. खालच्या कोपऱ्यावर पाच-सहा ठिपके. कागदाला हायपो लावता येत नाही, आणि लावून तो साफही होत नाही. आम्ही तो पिशवीत टाकायला काढला होता. बाई दारातून म्हणाल्या, "ते अक्षर ह्यांचं आहे." मी त्यांना खरं सांगितलं की हे पूर्ण स्वच्छ होणार नाही. ठिपक्यांचा कोपरा कापून टाकला, बाकीची पानं पारदर्शक पिशवीत घालून कडा सील केल्या, आणि पिशवी उघडायची नाही असं दोनदा बजावलं. इस्पितळाच्या नियमात हे बसत नाही, मला ठाऊक आहे.

चावी देण्याआधी

सगळं सुकलं, लाद्या बसल्या, तिरक्या उजेडात भिंती पुन्हा पाहिल्या, तरी मी लगेच चावी देत नाही. पंख्याखाली पांढरी चादर अंथरते आणि पंखा एकवर लावते. पाच मिनिटांनी तीनवर. पाती कितीही पुसली तरी पात्याच्या पट्ट्या जिथे मोटरला स्क्रूने जोडलेल्या असतात तिथल्या फटीत काहीतरी राहतं, आणि ते घरच्यांनी पहिल्यांदा पंखा लावला की खाली येतं, जेवणाच्या ताटात सुद्धा. त्या दोन भावांच्या घरात चादरीवर तीन कण पडले, मोहरीएवढे, तपकिरी. भाचा म्हणाला, "धूळ असेल." मी त्यावर थेंबभर पाणी टाकलं आणि चादरीवर लाल कड उमटली. पंखा उतरवला, पाती सोडवून धुतली, पुन्हा बसवली. मग चादर बदलली आणि परत एकवरून सुरुवात केली.